पावसाळ्यात फ्रेममधलं क्रॉस स्टिच का बिघडतं? पट्टी निवडताना आधी खाच बघा

श्रावण अर्धा उलटला की कोल्हापुरात भरतकाम करणाऱ्या बायकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. उन्हाळ्यात हौसेनं फ्रेम करून आणलेल्या क्रॉस स्टिचच्या, म्हणजे फुल्यांच्या टाक्यांनी भरलेल्या कापडाला लाटा आलेल्या असतात. काचेच्या आतून करडे ठिपके उठलेले असतात. गणपतीच्या सोंडेवरचे किंवा गुलाबाच्या पाकळ्यांचे टाके चेपून सपाट झालेले दिसतात. मग फ्रेम उघडायची, कापड धुवायचं, इस्त्री करायची आणि पुन्हा पहिल्यासारखंच बसवून आणायचं. पुढच्या पावसाळ्यात परत तेच. काहीजणी कंटाळून फ्रेमची महागडी, रुंद, सोनेरी नक्षीची पट्टी घेतात. तरी फरक पडत नाही, कारण बिघाड पट्टीच्या दिसणाऱ्या बाजूला नसतोच. तो काच आणि कापड यांच्यामधल्या जागेत असतो, किंवा तशी जागाच ठेवलेली नसते.

आपल्याकडच्या फ्रेमवाल्यांचा रोजचा धंदा म्हणजे अंबाबाई-जोतिबाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि शाळेची प्रमाणपत्रं. हे सगळं कागदाचं, सपाट आणि पातळ. काच, त्याला लागून कागद, मागे हार्डबोर्ड, चार खिळे आणि वर टेप असं ते बसतं. कागदासाठी ही रीत वर्षानुवर्षं चालत आली आहे. क्रॉस स्टिच मात्र कापड आहे. त्याला जाडी आहे आणि ते हवेतली ओल पितं. सुती धागा साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून ठेवतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या घरांतली हवा त्याहून पुष्कळ दमट असते. ओल पिऊन कापड किंचित फुगतं, सैल पडतं, आणि उन्हाळ्यात पुन्हा आवळतं. ते चिकटटेपनं धरलेलं असेल तर या ओढाताणीत टेप सुटते आणि लाटा येतात.

काचेचं वेगळंच आहे. पावसाळ्यातल्या पहाटे काच आतल्या हवेपेक्षा लवकर गार होते आणि तिच्या आतल्या बाजूला दव धरतं. कापड काचेला टेकलेलं असेल तर ते दव थेट टाक्यांत उतरतं. ठिपके येतात ते याच ओलीवर वाढलेल्या बुरशीचे.

डाग कुठे आहे ते आधी बघा

फ्रेम उघडायच्या आधी ती उजेडात धरून नीट बघा. डाग कसला आहे हे त्याच्या जागेवरून बरंचसं कळतं, आणि दुरुस्ती त्यावरच ठरते.

जिथे टाके काचेला टेकलेत तिथेच करडे-काळे ठिपके असतील तर ती बुरशी. मागच्या बाजूला पट्ट्यापट्ट्यांनी पिवळट, चिकट छटा दिसत असेल तर तो दुहेरी टेपचा किंवा गोंदाचा डाग. तो बहुधा कडेनं सुरू होऊन आत सरकतो. माऊंटच्या, म्हणजे चित्राभोवती काचेखाली बसवलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कापलेल्या कडेला लागून सगळीकडून तपकिरी रेघ उमटली असेल तर माऊंटचा पुठ्ठा आम्लयुक्त आहे. स्वस्त पुठ्ठा जुना होताना आम्ल सोडतो आणि कापड भाजल्यासारखं तपकिरी होतं. कडेला नारिंगी ठिपके म्हणजे गंज: साधे खिळे, स्टेपलर पिना किंवा टाचण्या. आणि सरळ रेघेत, चौकटीचौकटीनं फिकट तपकिरी खुणा असतील तर पाण्यानं जाणाऱ्या पेनच्या रेघा आठवा. त्या धुण्याआधी कापडावर गरम इस्त्री फिरली की उष्णतेनं पक्क्या बसतात, मग कितीही धुतलं तरी जाणं अवघड.

बुरशी असेल तर कापड आधी घराबाहेर नेऊन, नाकाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशनं झटका. घरात झटकलं तर तीच बुरशी दुसऱ्या कपड्यांवर जाऊन बसते. मग गार पाण्यात सौम्य साबण घालून बुडवून ठेवा, चोळू नका. लाल आणि गडद निळ्या धाग्यांवर लक्ष ठेवा. रंग सुटायला लागला तर कापड वाळू देऊ नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यातच खळबळत राहा. सुटलेला रंग एकदा वाळला की पांढऱ्या मॅटीत, म्हणजे ज्यावर आपण भरतो त्या छिद्रांच्या कापडात, मुरतो. ब्लीच अजिबात नको, डाग जाईल तसा धाग्याचा रंगही जाईल. वाळवताना पिळायचं नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं पसरायचं, आणि थोडं दमट असताना टॉवेलवर पालथं घालून उलट्या बाजूनं इस्त्री करायची. त्यानं टाके टॉवेलात रुततात आणि उठावदार राहतात. जुन्या बुरशीची फिकट छाया कधीकधी उरते. तेवढी राहू द्यावी, तिच्यामागे लागून धागे खराब करू नयेत.

खाचेचा हिशेब

आता मुख्य मुद्दा, आणि यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

दुकानात आपण पट्ट्यांचे नमुन्याचे कोपरे बघतो: रंग, नक्षी, रुंदी. पट्टी उलटी करून तिच्या मागची खाच मात्र कोणी बघत नाही. काच, माऊंट, कापड, बोर्ड हे सगळं बसतं ते त्या खाचेत. तिची खोली किती, यावर आतलं काम सुखानं बसणार की चेपून बसणार हे ठरतं.

हिशेब करून बघा. काच २ मिलिमीटर. माऊंटचा एक थर दीड मिलिमीटरच्या आसपास, दोन थर घेतले तर ३. टाक्यांची आणि कापडाची जाडी धरून १. कापड ताणून बसवायचा फोमबोर्ड (दोन कागदांमध्ये फोम असलेला हलका बोर्ड) ५. मागे बंद करायला हार्डबोर्ड ३. झाले १४ मिलिमीटर. आता पातळ पट्टीची खाच ८ किंवा १० मिलिमीटरची निघाली तर फ्रेमवाला काय करणार? माऊंटचा एक थर काढेल, जाड बोर्डाऐवजी पातळ पुठ्ठा घालेल आणि वरून दाबून खिळे ठोकेल. त्याच्या हातात तेवढंच उरतं. कापड काचेला जाऊन टेकतं आणि पुढची सगळी साखळी तिथून सुरू होते.

म्हणून जाताना पर्समध्ये छोटी मोजपट्टी किंवा मोजायची टेप ठेवा. आवडलेल्या कोपऱ्याची खाच मोजा आणि १५ मिलिमीटरच्या खालची पट्टी, कितीही देखणी असली तरी, बाजूला ठेवा. मणी, टिकल्या किंवा गाठींचे टाके असतील तर १८ ते २० बघा. एखादी पट्टी फारच मनात भरली आणि खाच कमी पडत असेल तर त्यालाही उपाय आहे. मागच्या बाजूनं लाकडाची बारीक चौकट जोडून खोली वाढवता येते. भिंतीवर लावल्यावर ती दिसत नाही. दुकानात "दादा, मागून पट्टी मारून खोली वाढवून द्याल का?" असं सरळ विचारावं. सुतारकाम येणाऱ्या माणसाला हे अवघड नाही.

माऊंट नको असेल, म्हणजे कापड थेट पट्टीच्या कडेपर्यंत दिसायला हवं असेल, तर काच आणि कापड यांच्यामध्ये अंतर राखायला चारही बाजूंनी बारीक पट्ट्या घालायला सांगा. माऊंट बोर्डाच्या दोन-तीन पट्ट्या एकावर एक किंवा ॲक्रिलिकची पट्टी, ३ ते ५ मिलिमीटर उंचीची. त्या फ्रेमच्या पट्टीच्या कडेखाली लपतात. "ताई, काचेला लागूनच बसवू, घट्ट राहील आणि काम उठून दिसेल," असं ऐकायला मिळेल. नम्रपणे पण ठाम सांगा, "राहू दे दादा, हे कापड आहे, मला मध्ये हवा पाहिजे." आणि हे पावतीवर लिहून घ्या. फ्रेम सांगताना एक माणूस असतो आणि बसवताना दुसरा, त्यामुळे तोंडी सांगितलेलं पोचेलच असं नाही.

कापड ताणायचं काम स्वतः करा

हे फ्रेमवाल्यावर सोडू नये असं माझं मत आहे. त्याला वेळ लागतो, तेवढा वेळ दुकानात कोणाकडे नसतो, आणि मॅटीच्या छिद्रांची ओळ सरळ आहे की नाही हे भरणाऱ्या डोळ्यालाच पटकन दिसतं. बोर्डावर ताणलेलं काम घेऊन गेलात की दुकानात फक्त काच, माऊंट आणि पट्टी उरते.

फोमबोर्ड घ्या, आम्लमुक्त मिळाला तर उत्तम. सनबोर्ड वेगळा, तो पीव्हीसीचा असतो. त्यात टाचणी नीट जात नाही आणि पीव्हीसी जुनं होताना स्वतःच आम्ल सोडतं, म्हणून कापडाशी नको. बोर्ड पट्टीच्या आतल्या मापापेक्षा चारही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर कमी कापा, कारण कापड दुमडल्यावर कडेला जाडी वाढते. बोर्डावर धुतलेल्या मांजरपाटाचा एक थर घातला तर मागच्या गाठी त्यात बुडतात आणि पुढून उंचवटे दिसत नाहीत.

मग चारही बाजूंचा मध्य काढा, कापडावर आणि बोर्डावर. मध्यापासून सुरुवात करून छिद्रांची एकच ओळ बोर्डाच्या धारेवर धरत, बोटभर अंतरानं धारेत टाचण्या खोचत जा. एका बाजूला मध्यापासून कोपऱ्याकडे, मग समोरची बाजू, मग उरलेल्या दोन. ओळ एका छिद्रानं सरकली तरी चित्र तिरकं दिसतं. टाचणी काढून पुन्हा खोचायला काहीच लागत नाही. टाचण्या न गंजणाऱ्या स्टीलच्याच हव्यात, कारण आपल्या हवेत साधी टाचणी एका पावसाळ्यात गंज सोडते.

टाचण्या लागल्या की मागच्या बाजूनं वाकळ शिवायचा जाड सुती दोरा सुईत ओवा आणि समोरासमोरच्या कडा बाज विणावी तशा इकडून तिकडे ओढत चला. आधी लांब बाजूंमधली वीण, मग आडवी. एका दमात आवळू नका. सगळी वीण झाल्यावर एका टोकापासून दोरा थोडाथोडा ओढत ताण सारखा करा आणि मग गाठ मारा. अशा विणीचा फायदा पावसाळ्यात दिसतो: दोऱ्याला थोडी लवचीकता असते, कापड फुगलं-आवळलं तरी ताण सगळीकडे सारखा पडतो. टेप एका जागी सुटते आणि तिथेच लाट येते. शिवाय उद्या फ्रेम बदलायची ठरली तर दोरा कापला की कापड जसंच्या तसं हातात येतं.

यासाठी कापडाला चारही बाजूंनी तीन इंच तरी मोकळी जागा लागते, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. मॅटी मीटरवर घेताना आपण डिझाइनपुरती घेतो. जागा कमी असेल तर कापड टाकून देऊ नका, कडेला मांजरपाटाच्या रुंद पट्ट्या मशीनवर जोडून घ्या. त्या मागे दुमडल्या जातात. नवीन काम सुरू करणाऱ्या मैत्रिणींना मात्र मी आवर्जून सांगते, फ्रेमचा विचार पहिल्या टाक्याआधी करा.

माप आणि मॅटी

डिझाइन १४० बाय १९६ टाक्यांचं आणि कापड १४ काउंटचं असेल, म्हणजे इंचात १४ छिद्रं, तर चित्र १० बाय १४ इंच होतं. त्याच डिझाइनला १८ काउंट घेतलं तर चित्र पावणेआठ बाय अकरा इंचांच्या आसपास येतं. पण आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या मॅटीची उभी आणि आडवी छिद्रं नेहमी सारखी नसतात, म्हणून गणितावर विसंबून फ्रेम सांगू नका. काम पूर्ण झाल्यावर, धुऊन इस्त्री केल्यावर, टेपनं मोजा. धुण्यात सुती कापड थोडं आटतं.

चित्राच्या भोवती रिकामी मॅटी अर्धा ते पाऊण इंच दिसू द्यावी, मग माऊंट. खालच्या बाजूचा माऊंट वरच्यापेक्षा किंचित रुंद ठेवला तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटत नाही. पट्टीची पुढची कड आतलं साधारण ५ मिलिमीटर झाकते, हे माऊंट नसलेल्या फ्रेममध्ये विसरलं तर कडेची एक-दोन टाक्यांची ओळ गडप होते.

काच, पट्टी, रंग

चकाकी नको म्हणून मॅट काच घ्यावीशी वाटते. ती फोटोला चालते, कारण फोटो काचेला टेकलेला असतो. आपण मध्ये अंतर ठेवणार, आणि मॅट काच चित्रापासून जितकी लांब तितकं चित्र धूसर. बारीक फुल्यांचं सगळं सौंदर्य तिथेच जातं. साधी स्वच्छ २ मिलिमीटरची काच घ्या आणि फ्रेम खिडकीच्या समोर न लावता खिडकीच्याच भिंतीवर किंवा आडबाजूला लावा. साधी काच अतिनील किरणं पुरेशी अडवत नाही आणि धाग्याचे रंग उडतात ते उजेडानं. संग्रहालयांत जुन्या कापडांसाठी उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे अगदी मंद ठेवतात, यावरून कापड किती नाजूक ते समजावं. खूप मोलाचं काम असेल तर अतिनील किरणं अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक मागवून घ्यायला हरकत नाही.

काचच नको, असंही काहीजणी म्हणतात. जिथे उदबत्ती, धूप आणि रस्त्याची धूळ आहे अशा घरात मी हा सल्ला देणार नाही. टाक्यांत बसलेली काजळी धुण्यानंही पुरती निघत नाही.

सिंथेटिक पट्टी, जिला दुकानात फायबर म्हणतात, ती ओलीनं फुगत नाही आणि तिला वाळवी लागत नाही. दीड फुटापर्यंतच्या कामाला, खाच पुरेशी असेल तर, आपल्या हवेत ती उत्तम. मोठ्या कामाला मात्र मुरलेल्या लाकडाचीच घ्या. २ बाय ३ फुटांच्या नुसत्या काचेचंच वजन पावणेतीन किलोच्या पुढे जातं आणि बारीक फायबरचे कोपरे तेवढं पेलत नाहीत.

रंगाबद्दल थोडक्यात. काम बरोबर न्या, कोपरे प्रत्यक्ष त्याच्यावर ठेवून दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात बघा. चित्रातल्या सगळ्यात भडक धाग्याशी जुळणारी पट्टी घेतली की नजर पट्टीवरच अडकते. मधल्या, दबक्या रंगाशी जुळवा. माऊंटला शुभ्र पांढरा नको, मॅटी त्याच्यापुढे मळकी दिसते. साय किंवा हस्तिदंती रंग बरा. देवाच्या चित्राला सोनेरी पट्टी शोभते, पण ती अरुंद आणि कमी नक्षीची घ्या. फुल्यांच्या भरतकामात मुळात इतकी चौकड असते की भोवती आणखी नक्षी आली की डोळ्याला विसावा मिळत नाही.

बंद कधी करायची, लावायची कुठे

गणपतीच्या आधी फ्रेमच्या दुकानांत गर्दी असते आणि हवा दमट असते. त्या वेळी बंद केलेल्या फ्रेममध्ये कापड, बोर्ड आणि माऊंटमधली ओलही आत बंद होते. गौरी-गणपतीला भिंतीवर हवं असेल तर एप्रिल-मेमध्येच फ्रेम करून घ्या. रुखवतात ठेवायचं असेल आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं असेल तर दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबल्यावर द्या. मागच्या सांध्यावर कागदी टेप लावून घ्या म्हणजे धूळ आणि कसर आत जाणार नाही.

पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाचा मारा बसतो आणि ती आतून ओल धरते. तिथे भरतकाम लावू नका, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरही नको. दुसरी जागाच नसेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या जाड चकत्या चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळता राहतो.

पुरात भिजलेली फ्रेम

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की नदीकाठच्या घरांत काय होतं ते २०१९ आणि २०२१ मध्ये आपण पाहिलं आहे. भरतकामाची फ्रेम पाण्यात गेली असेल तर ती तशीच उन्हात वाळवायला ठेवू नका. वाळताना कापड काचेला चिकटतं आणि मग ओढून काढावं लागतं. ओली असतानाच, हातमोजे घालून, मागून उघडा. माऊंट आणि बोर्ड टाकून द्या. कापड काचेला धरलं असेल तर काचेसकट स्वच्छ पाण्यात बुडवा, ते आपोआप सुटतं. पुराच्या पाण्यात बारीक गाळ असतो, म्हणून साबण लावायच्या आधी नुसत्या पाण्यात, पाणी बदलत, गाळ निघेपर्यंत धुवा. लगेच धुणं शक्य नसेल तर ओलं कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. त्यानं बुरशीची वाढ थांबते आणि घर आवरून झाल्यावर सवडीनं धुता येतं. पट्टी सागवानी असेल तर ती सावलीत आठवडाभर वाळवून पुन्हा वापरता येते, फक्त चारही कोपऱ्यांचे सांधे हलतात का ते बघून मग काच घाला.